धक्का कुणी खायचा?

कॅमेरा उलटा धरला की त्याच्या बुडाशी आटे पाडलेलं एक भोक दिसतं. लाखाचा कॅमेरा असो की मित्राकडून मागून आणलेला जुनापुराणा, भोक तेच: पाव इंचाचं, इंचाला २० आटे. बॅटऱ्या, चार्जर, लेन्स बसवायच्या खाचा यांवरून कॅमेरा कंपन्यांचं एकमेकींशी कधी जमलं नाही, पण या भोकापुरतं सगळ्यांचं एकमत आहे. त्याला आयएसओचं १२२२ क्रमांकाचं मानकही आहे. बुलढाणा जिल्ह्यातल्या खामगाव किंवा चिखलीच्या हार्डवेअरच्या दुकानात या मानकाचं नाव घ्यावं लागत नाही. ‘दोन सुती बोल्ट द्या, इंची आट्याचा’ एवढं म्हटलं की भागतं. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, म्हणून दोन सूत म्हणजे पाव इंच. सायकलवर कॅमेरा बसवण्याच्या उद्योगातली सगळ्यात आंतरराष्ट्रीय वस्तू ही अशी सुट्ट्या पैशांत मिळते.

घोटाळा होतो तो ‘सहाचा बोल्ट’ मागितला की. मग गल्ल्यामागून एम-सिक्स पुढे येतो. तो बरोबर ६ मिलिमीटरचा असतो, पाव इंच म्हणजे ६.३५. त्याच्या दोन आट्यांतलं अंतर १ मिलिमीटर, इंची बोल्टचं १.२७. सहाचा बोल्ट भोकात एखादा फेरा खुशाल घेतो आणि मग अडतो. अडल्यावर पाना लावणारा माणूस भेटला की कॅमेऱ्याचे आटे गेले म्हणून समजा. लांबीचंही तसंच. भोक उथळ असतं, त्यामुळे पट्टीच्या वर बोल्टचं टोक साडेचार-पाच मिलिमीटरच दिसायला हवं. जास्त दिसत असेल तर खाली वायसर घालून लांबी मारायची.

पण कॅमेरा सायकलला नुसता जखडून टाकणं हे या कामातलं सोपं अर्धं झालं. जखडल्यावर सायकल जे जे सोसते ते सगळं कॅमेराही सोसतो, आणि ते चित्रात उतरतं. खड्ड्यातून उठलेला धक्का टायर, रिम, चिमटा, हँडल, पट्टी, कॅमेरा असा वर चढत जातो. वाटेत तो कुणीतरी खायला हवा. कुणी खायचा, हे ठरवणं म्हणजेच माउंट बनवणं. बाकी सारं कापणं-वाकवणं.

धक्का खाणारा पहिला गडी टायर. जॉन बॉइड डनलॉप हे बेलफास्टमधले गुरांचे डॉक्टर. मुलाच्या तीनचाकीला बसणारे हादरे कमी व्हावेत म्हणून त्यांनी चाकांना हवेच्या नळ्या चढवल्या आणि १८८८ साली त्याचं पेटंट घेतलं. त्याच १८८८मध्ये अमेरिकेत जॉर्ज ईस्टमन यांनी शंभर फोटोंचा रोल भरलेला, हातात धरता येणारा कोडॅक कॅमेरा बाजारात आणला. आणि किर्लोस्कर समूह आपली सुरुवात मोजतो तीही १८८८पासूनच. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात भावासोबत सायकलचं दुकान काढलं, त्यातून पुढे कडबा कापायची यंत्रं आली, लोखंडी नांगर आला आणि १९१०मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली. मराठी कारखानदारीचं एक मोठं घराणं सायकलच्या दुकानातून वर आलं, हे विदर्भातल्या काळ्या रानात लोखंडी नांगर धरणाऱ्या किती जणांना ठाऊक असेल कोण जाणे.

हवेचं टायर आणि हातातला कॅमेरा एकाच वर्षी आल्यावर दोघांची गाठ पडायला वेळ लागला नाही. १८९०मध्ये थॉमस ॲलन आणि विल्यम साक्टलेबेन हे दोन अमेरिकन तरुण कॉलेज संपताच सायकलवर जग फिरायला निघाले. तुर्कस्तान, इराण, चीन असा आशिया त्यांनी पार केला, सोबत कोडॅक होता. पुढच्या काही वर्षांत अमेरिकेत सायकलस्वारांसाठी म्हणून घडीचे कॅमेरे विकले जाऊ लागले. रॉचेस्टरच्या एका कंपनीने तर आपल्या कॅमेऱ्याचं नावच ‘सायकल पोको’ ठेवलं. सायकलच्या नळीला कॅमेरा धरून ठेवणारे चिमटेही तेव्हा मिळत. मात्र ते वापरायचे सायकल उभी करून. चालत्या सायकलवरून चित्र घेण्याचं मनातही आणता येत नव्हतं.

चलच्चित्राची अडचण आणखी वेगळी. तेव्हाचा सिनेकॅमेरा हाताने फिरवायचा, सेकंदाला साधारण दोन फेरे. हँडल धरायला दोन हात आणि कॅमेरा फिरवायला तिसरा, ही सोय देवाने फक्त देवांनाच दिली आहे. शिवाय तो कॅमेरा जागचा हलता कामा नये. दादासाहेब फाळक्यांनी लंडनहून विल्यमसन कॅमेरा आणला १९१२मध्ये. भांडवल देणाऱ्यांना पटवण्यासाठी त्यांनी कुंडीतल्या वाटाण्याचा वेल कसा उगवतो ते एकेक चौकट घेत चित्रित केलं. तिथे सगळी किमया एका गोष्टीत होती: रोप वाढेल, कॅमेरा केसभरही सरकणार नाही.

घरी बनवलेल्या यंत्राची गोष्ट निघाली की मराठी माणसाला कोल्हापूरला जावंच लागतं. बाबूराव पेंटर, म्हणजे बाबूराव कृष्णराव मिस्त्री, हे शाळेत फार न रमलेले चित्रकार. नाटकांचे पडदे रंगवणारे. चुलतभाऊ आनंदराव आणि ते, दोघांनाही सिनेमाचं वेड लागलं. आनंदराव १९१६मध्ये गेले. बाबूरावांनी हाय खाल्ली नाही. शिष्य विष्णुपंत दामले यांना हाताशी धरून १९१८मध्ये त्यांनी चालता सिनेकॅमेरा स्वतः तयार केला आणि १९२०मध्ये ‘सैरंध्री’ पडद्यावर आणला. दामले पुढे ‘प्रभात’च्या संस्थापकांपैकी एक झाले. फिल्म ठरल्या वेळी ठरली तेवढीच पुढे सरकवणारी दातेरी चाकं कोल्हापुरात घासून बसवणं, हे काम आज हँडलला पट्टी ठोकण्यापेक्षा कितीतरी पट अवघड होतं. तेव्हा बुलढाण्यातल्या वेल्डिंगच्या दुकानासमोर उभं राहून ‘हे आपल्याकडे होणार नाही, ऑनलाइनच मागवू’ असं म्हणणाऱ्याने आधी थोडा दम धरावा.

हात मोकळा झाला तो १९२३च्या सुमाराला. बेल अँड हॉवेल कंपनीचा ‘फिल्मो’ आला, किल्ली देऊन सोडला की स्प्रिंगवर आपला आपण चालणारा. गंमत अशी की त्याच वर्षी, १५ ऑक्टोबर १९२३ला, मुंबईहून सहा पारशी तरुण सायकलींवर जगप्रदक्षिणेला निघाले. आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा या तिघांनी ती पुरी केली आणि १८ मार्च १९२८ला ते मुंबईत परतले. सुमारे ७१ हजार किलोमीटरचा प्रवास. त्यावरचं त्यांचं पुस्तक १९३१मध्ये निघालं. त्या पिढीच्या सायकलप्रवासाचे फोटो पाहिले तर बहुतेकांत सायकल थांबलेली आणि स्वार तिच्या बाजूला ताठ उभा. रस्ता चाकाखालून सरकताना कसा दिसला, याची चित्रं फार थोडी. ती घ्यायची सोय सामान्य माणसाला मिळाली एकविसाव्या शतकात. निक वुडमन यांच्या गोप्रो कंपनीने २००४मध्ये आणलेला पहिला कॅमेराही रोल घालायचा आणि मनगटाला बांधायचा होता.

आता रस्त्याकडे. बुलढाणा जिल्हा पायऱ्यापायऱ्यांनी बसलेला आहे. उत्तरेला सातपुड्याचा पायथा, त्याखाली पूर्णेचं सपाट खोरं, आणि दक्षिणेला अजिंठ्याच्या डोंगररांगेवरचं पठार. मलकापूरहून निघालं की मोताळ्यापर्यंत सपाटी, मग राजूर घाट चढून बुलढाणा, पुढे चिखली, मेहकर, लोणार. सायकलच्या माउंटची परीक्षा घ्यायला याहून कडक पेपर कुणी काढला नसता. समृद्धी महामार्ग जिल्ह्याच्या दक्षिण भागातून जातो, गुळगुळीत आणि सरळ. पण तिथे दुचाकीला मज्जाव आहे, सायकलचा तर प्रश्नच नाही. सायकलने जुन्याच रस्त्याने जायचं.

आणि जुना रस्ता काळ्या मातीवर बसलेला. ही माती पावसात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. वरचं डांबर तिच्याबरोबर दरवर्षी वर-खाली होतं. म्हणून इथल्या रस्त्यांना खड्डे नसले तरी लाटा असतात. मोटारीत बसलेल्याला त्या पोटात जाणवतात. सायकलवरच्या कॅमेऱ्याला लाटांचं फारसं वाटत नाही, कारण त्या लांब आणि संथ असतात, आणि चित्र हळूच वर-खाली झालं तर डोळा ते चालवून घेतो. डोळ्याला खुपतो तो बारीक थरथराट: उघडी पडलेली खडी, ठिगळं, गावाच्या वेशीवरचे रम्बलर. ताशी २० किलोमीटरने जाणारी सायकल सेकंदाला साडेपाच मीटर कापते. अर्ध्या अर्ध्या मीटरवर पट्ट्या असतील तर कॅमेऱ्याला सेकंदाला अकरा टोले बसले. त्यात २८ इंची चाकाची रिम आउट असेल तर रस्ता कितीही चांगला असो, सेकंदाला अडीच गचके घरचेच. माउंट बनवण्याआधी रिम सरळ करून घ्या, असा सल्ला सायकलवाला फुकट देतो आणि लोक तो ऐकत नाहीत.

काळ्या, जड, दांड्याच्या ब्रेकच्या गावठी सायकलींवर कॅमेऱ्याची एक जागा आधीच राखून ठेवलेली असते. हँडलच्या मानेपाशी, बरोबर मध्यभागी, पुढे आलेली दिव्याची पट्टी. रात्री सायकलला दिवा नसला की पोलीस पकडायचे, नगरपालिकेचा बिल्ला नसला तरी पकडायचे, त्या जमान्यातली ही सोय. दिवे गेले, डायनॅमो गेले, पट्टी बऱ्याच सायकलींवर अजून आहे. ती आखूड आहे, जाड आहे आणि मधोमध आहे. कॅमेऱ्याला नेमकं हेच तिन्ही हवं असतं.

पट्टी नसेल तर बनवावी लागते. एक इंच रुंद, एक सूत जाडीची लोखंडी पट्टी घ्यायची. हँडलच्याच जाडीच्या नळीच्या तुकड्यावर तापवून तिचे दोन अर्धगोल करायचे, दोन्ही कानांना भोकं पाडायची. नवीन पद्धतीच्या सायकलींचं हँडल मुठीपाशी २२.२ मिलिमीटर असतं आणि मध्यावर २५.४ किंवा ३१.८. म्हणून माप घेतल्याशिवाय नळी निवडायची नाही. अर्धगोलांच्या आतून जुन्या ट्यूबची पट्टी, तीही एकेरी. बोल्ट दोन्हीकडून आळीपाळीने आवळायचे, एक बाजू पूर्ण कसून मग दुसरी घेतली की क्लॅम्प तिरपा बसतो. वरच्या कानावर दोन सुती बोल्ट, खालून चाकी, चाकीखाली स्प्रिंग वायसर. बस. पीव्हीसीच्या पाइपाचा तुकडा चिरून, त्यावर एम-सील थापून केलेले माउंटही सर्रास दिसतात आणि हिवाळ्यात ते छान चालतात. पण घाटाखाली मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो, काळ्या सायकलवर उन्हात पीव्हीसी मऊ पडतं आणि कॅमेरा हळूहळू मान खाली घालू लागतो.

सगळ्यात जास्त फसगत होते ती लांबीपायी. हँडल चित्रात येऊ नये म्हणून लोक कॅमेरा एका दांडीवर पुढे काढतात. दांडी दुप्पट लांब केली की तिचा ताठपणा निम्मा होत नाही, आठव्या हिश्शावर येतो. टोकाला कॅमेऱ्याचं वजन असलेली ती दांडी मग ज्या वेगाने आपसूक थरथरते, तो वेगही जवळजवळ तिसऱ्या हिश्शावर उतरतो, म्हणजे नेमका रस्त्याच्या टोल्यांच्या जवळ. दोघांचा ताल जुळला की झोपाळ्याला वेळेवर दिलेल्या रेट्यासारखी थरथर वाढतच जाते. आखूड माउंट कुरूप दिसतो, चित्रात ब्रेकची दांडी येते, पण चित्र पाहता येतं.

दुसरी फसगत रबराची. हादरा रबर खातं, म्हणून रबर जितकं जास्त तितकं बरं, असं वाटतं. ट्यूबचे चार-पाच वेढे घातले की कॅमेरा खरंच मऊ बसतो. मग मऊ बसलेला तो प्रत्येक गचक्यानंतर डुलतच राहतो. रबराचा उपयोग धातूला धातू लागून होणारी किणकिण मारण्यापुरता. खरा धक्का खालीच खायला लावावा, टायरला. हवा थोडी कमी करावी. रिम रस्त्याला लागेल इतकी नव्हे, अंगठ्याने दाबल्यावर किंचित दबेल इतकी. बाजारातल्या महागड्या माउंटपेक्षा या फुकटच्या उपायाने चित्र जास्त सुधारतं, पण तो कुणी विकत नाही.

हँडलवरच्या कॅमेऱ्याचा आणखी एक दोष घाट चढताना कळतो. सायकल हळू चालली की तोल सांभाळायला हँडल सारखं डावी-उजवीकडे करावं लागतं, आणि राजूर घाटात ती हळूच चालते. चित्रात मग अख्खा डोंगर मान हलवतो. यावर इलाज म्हणजे कॅमेरा हँडलला न लावता फ्रेमच्या पुढच्या नळीला लावणं, जिथे कंपनीचं चिन्ह ठोकलेलं असतं तिथे. ती नळी हँडलबरोबर वळत नाही. दांड्याचे ब्रेक असतील तर पट्टी त्यांना अडत नाही ना, हे हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून आधी पाहावं. घाट उतरताना ब्रेकची दांडी अडकली तर चित्रीकरण उत्तम येईल, पण ते पाहायला मालक असेलच असं नाही.

लोखंडाने बरेच धक्के खाल्ले तरी उरलेले चित्रात एका विचित्र रूपाने दिसतात. रस्त्याकडेचे विजेचे खांब जेलीसारखे वाकडेतिकडे होतात. याचं कारण कॅमेऱ्याच्या आत आहे. फोनचा किंवा ॲक्शन कॅमेऱ्याचा सेन्सर अख्खं चित्र एका क्षणात टिपत नाही, तो वरच्या ओळीपासून खालच्या ओळीपर्यंत वाचत जातो. वरची ओळ वाचून खालच्या ओळीवर येईपर्यंत सेकंदाचा शंभरावा ते तिसावा भाग जातो, तेवढ्यात कॅमेरा थरथरला की खांबाचं डोकं एकीकडे आणि पाय दुसरीकडे. गोप्रोने २०१८मध्ये हायपरस्मूथ आणलं तेव्हापासून सॉफ्टवेअर बरंच सावरून घेतं. चित्राच्या कडा कापून आतली चौकट सरकवत ते हलणं लपवतं. पण दुपारच्या लख्ख उन्हात ते जसं चालतं तसं संध्याकाळी चालत नाही. उजेड कमी झाला की प्रत्येक चौकट जास्त वेळ उघडी राहते, हलण्याने फराटे पडतात, आणि फराटा पडलेलं चित्र कितीही सरकवलं तरी फराटाच राहतो.

फोनला तर थरथर थेट मानवत नाही. ॲपलने २०२१मध्ये जाहीरच सांगितलं की जास्त ताकदीच्या मोटरसायकलच्या हँडलवर आयफोन लावू नका, इंजिनच्या कंपनांनी त्याच्या कॅमेऱ्यातली स्थिर ठेवणारी यंत्रणा बिघडू शकते. सायकलला इंजिन नाही, म्हणून तो इशारा तिला जसाच्या तसा लागू नाही. पण त्याच कंपनीने फोन वापरायला ३५ अंशांपर्यंतची हवा योग्य असंही सांगितलेलं आहे, आणि शेगाव-नांदुऱ्याकडे हा आकडा मार्चमध्येच मागे पडतो. दुपारी फोन स्वतःच बंद होतो. त्या वेळी सायकलस्वारानेही बंद व्हावं हे उत्तम.

या सगळ्यावर एक जुनाच उपाय आहे: कॅमेरा सायकलला लावूच नये, माणसाला लावावा. गुडघे, कंबर, कोपर या माणसाच्या स्वतःच्या स्प्रिंगा आहेत आणि त्या रस्ता बघून आधीच सैल होतात. गॅरेट ब्राउन यांनी १९७०च्या दशकात बनवलेलं स्टेडिकॅम हॉलीवूडमध्ये गाजलं, तेही कॅमेरा माणसाच्या अंगावर स्प्रिंगच्या हातावर तोलूनच. पाठीवरच्या जुन्या दप्तराचे पट्टे छातीवर आडवे शिवून, मध्ये जाड पुठ्ठा किंवा पत्रा घालून त्यावर दोन सुती बोल्ट लावला की छातीचा माउंट झाला. खडीच्या रस्त्यावर तो हँडलच्या कुठल्याही माउंटला मागे टाकतो. उभं राहून पायडल मारू लागलं की मात्र डांबराशिवाय काही दिसत नाही.

कुठे काय लावायचं हे शेवटी काय टिपायचंय त्यावर जातं. लोणारचं विवर काठापासून काठापर्यंत सुमारे १.८ किलोमीटर आणि खोल दीडशे मीटरच्या आसपास. सी. जे. ई. अलेक्झांडर या इंग्रज अधिकाऱ्याने १८२३मध्ये त्याची नोंद केली. त्याचं वय एका पद्धतीने ५२ हजार वर्षं निघतं, दुसऱ्या पद्धतीने ५ लाख ७० हजार. जून २०२०मध्ये सरोवराचं पाणी गुलाबी झालं तेव्हा फोनवरच्या फोटोंनी ते जगभर पोचवलं, आणि त्याच वर्षी ते पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेलं. इथे ॲक्शन कॅमेऱ्याची रुंद लेन्स दगा देते. रुंद लेन्समध्ये हलणं कमी दिसतं, म्हणून सायकलवाले तीच वापरतात. पण तिच्यात एवढं विवर शेततळ्याएवढं होऊन बसतं. अरुंद लेन्स लावावी तर प्रत्येक खडा चित्रात भूकंप करतो. लोणारच्या काठावर सायकल स्टँडला लावून, क्लॅम्पचा उपयोग फक्त तिपायासारखा करावा हे बरं. सव्वाशे वर्षांपूर्वी त्या अमेरिकन चिमट्यांचा उपयोग याहून वेगळा नव्हता.

शेगावची पालखी हे दुसरं टोक. पंढरपूरहून परतणारी गजानन महाराजांची पालखी खामगावहून शेगावला निघते तेव्हा त्या सोळा-सतरा किलोमीटरच्या रस्त्यावर लोकांचा पूर लोटतो. तिथे सायकलवर बसून चालणं शक्यच नाही, वारकऱ्याच्या चालीने सायकल चालवली तर ती पडते. पण तीच सायकल हाताने ढकलत नेली की ती सिनेमावाल्यांची ट्रॉली होते. बसणाऱ्याचं वजन उतरल्याने टायरची हवा आणखी उतरवता येते, हँडल एका हाताने सरळ धरता येतं आणि कॅमेरा मागच्या कॅरिअरवर उलट तोंडाने बसवला की पालखीसोबत येणाऱ्यांचे चेहरे समोरून मिळतात. कॅरिअरला मात्र क्लॅम्प पुरत नाही. तिथे पट्टीच्या दोन्ही टोकांना यू-बोल्ट लावावे लागतात, आणि गर्दीत कुणाची पिशवी अडकून कॅमेरा सुटला तर तो लोंबकळावा, पायाखाली जाऊ नये, म्हणून एक सुतळी वेगळी बांधावी लागते.